शस्त्र कुणी खाली ठेवायचे?

(एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



विषयपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. चिनी मारामारीचे चित्रपट आणि अहिंसा यांचा संबंध काय? शंका रास्त आहे. माझ्या पिढीला चिनी युद्धकलेची पहिली ओळख झाली ती व्हिडिओ पार्लरमधल्या ब्रूस लीच्या घासून गेलेल्या कॅसेटवर. त्यात तत्त्वज्ञान शोधण्याची बुद्धी तेव्हा कोणाला होती? पण पडद्यावर लाओ-त्सेचा विचार वारंवार आला आहे. तो येताना त्याचे काय झाले, हे आज मला सांगायचे आहे.

आरंभ अमेरिकेपासून करू. फेब्रुवारी १९७२ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘कुंग फू’ नावाचा चित्रपट दाखवला गेला आणि त्याच वर्षी त्याची मालिका सुरू झाली. नायक क्वाय चँग केन हा चिनी आई आणि अमेरिकन वडील यांचा मुलगा. पोरका झाल्यावर शाओलिन मठात वाढलेला. त्याचे वृद्ध, अंध गुरू पो यांना सम्राटाचा पुतण्या भर रस्त्यात गोळी घालतो आणि केन त्या पुतण्याला ठार मारतो. मग डोक्यावर इनाम घेऊन तो अमेरिकेच्या पश्चिम प्रांतात पळतो. तिथे रेल्वेमार्गावर राबणारे चिनी मजूर, गुंड, जमीनदार असे सारे त्याला भेटतात. तो शक्य तोवर हात उचलत नाही. बाजूला सरकतो, अपमान गिळतो आणि अगदीच निरुपाय झाला की दोन-चार जणांना जमिनीवर लोळवून पुढच्या गावाची वाट धरतो.

शाओलिन हा बौद्ध मठ. त्याचे पहिले मठाधिपती भारतातून गेलेले भिक्षू होते आणि परंपरा बोधिधर्माचे नावही त्याच मठाशी जोडते. असे असूनही मालिकेतील गुरूंच्या तोंडी विचार येतात ते बरेचसे लाओ-त्सेचे. पाण्याचा मऊपणा, वाकणाऱ्या फांदीचे बळ, बळजोरी न करता घडणारी कृती. निर्मात्यांनी बौद्ध आणि ताओ यांची सरमिसळ केली याबद्दल मी त्यांना फारसा दोष देत नाही. चीनमध्येही या दोन परंपरांनी शतकानुशतके परस्परांकडून पुष्कळ घेतले आहे. मालिकेचे खरे यश वेगळे आहे. एका हत्येचे ओझे नायक शेवटपर्यंत वाहतो. ज्याला मारले तो दुष्ट होता, म्हणून त्याची सुटका होत नाही. आपल्या हिंदी चित्रपटांतल्या किती सूडनायकांबद्दल असे म्हणता येईल?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही मालिका चालू झाली तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये बाँबवर्षाव करीत होती. मालिका संपली १९७५ मध्ये आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सायगाव पडले. ही सारी वर्षे लाओ-त्सेचा विचार अमेरिकेच्या दिवाणखान्यात दर आठवड्याला ऐकू येत होता, तो एका अनवाणी भटक्यासाठी. वॉशिंग्टनसाठी त्यात शब्द नव्हता.

मूळ ग्रंथ उघडला तर चित्र उलटे दिसते. ‘ताओ ते चिंग’ची छोटी छोटी एक्क्याऐंशी प्रकरणे आहेत. त्यांतील बरीच थेट राज्यकर्त्याला उद्देशून आहेत. तिसाव्या प्रकरणाचा आशय असा की जगावर शस्त्रबळाने अंमल बसवू पाहणाऱ्यावर ते बळ उलटते आणि सैन्याच्या तळामागे काटेरी रान उरते. एकतिसाव्यात शस्त्राला अशुभ साधन ठरवले आहे. निरुपाय होईल तेव्हा ते वापरावे, पण विजयात सौंदर्य पाहू नये. विजयोत्सव अंत्यविधीच्या रीतीने पाळावा, असे तो म्हणतो. एकसष्टाव्यात मोठ्या राष्ट्राने सखल राहावे, कारण सारे प्रवाह सखल जागीच येऊन मिळतात, असा उपदेश आहे. लढाया करणारी राज्ये एकमेकांना गिळत होती, त्या काळाच्या पार्श्वभूमीवर हे लिहिले गेले. ग्रंथाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी बांबूच्या पट्ट्यांवरील प्रत १९९३ मध्ये ग्वोद्येन येथील थडग्यात सापडली. ती सुमारे इसवी सनपूर्व ३०० ची आहे.

आपल्याकडे अहिंसा हा साधकाचा यम आहे. पतंजलींनी तो पहिल्या क्रमांकावर ठेवला. लाओ-त्सेचा संयम मात्र मोठ्या प्रमाणात राजाचा आहे. हे दोन शब्द एकमेकांवर चढवताना जपायला हवे. याचा धडा खुद्द ह्यु-एन-त्संगने दिला आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांच्या मानी, लढाऊ स्वभावाची नोंद करणारा तोच हा यात्रेकरू. मायदेशी परतल्यावर इ. स. ६४७ मध्ये सम्राटाने त्याला लाओ-त्सेचा ग्रंथ संस्कृतात नेण्याची आज्ञा केली. मदतीला दिलेल्या ताओपंथी पंडितांना ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द हवा होता. ह्यु-एन-त्संगने नकार दिला. ‘ताओ’ म्हणजे ‘मार्ग’, असे त्याने बजावले. मोठा शब्द हाताशी असताना नेमका शब्द धरून बसायला धैर्य लागते.

पडद्याने असे धैर्य दाखवलेले नाही. त्याने राजाचा उपदेश उचलला आणि एकट्या योद्ध्याच्या खांद्यावर ठेवला. हे सर्वांत ठळक दिसते ते चीनच्याच एका चित्रपटात. झांग यिमोऊ यांचा २००२ चा ‘हीरो’. देखणेपणात त्याला तोड नाही. त्यात छिनच्या राजाला मारण्यासाठी एक अनामिक योद्धा थेट दरबारात पोहोचतो. ती भूमिका जेट लीची. आणखी एका योद्ध्याने वाळूत लिहिलेले दोन शब्द त्याला आठवतात. त्यांचा अर्थ ‘आकाशाखालचे सारे’. भिंतीवरच्या एका अक्षराकडे पाहत राजा स्वतःच उलगडा करतो की तलवारविद्येच्या सर्वोच्च पायरीवर तलवार हातातही नसते, मनातही नसते. तिथे मारणे उरत नाही. हे वाक्य ताओ परंपरेतले वाटावे इतके शुद्ध आहे. पण ते म्हणतो कोण? ज्याची सेना सहा राज्ये गिळायला निघाली आहे तो! आणि ते ऐकून शस्त्र खाली ठेवतो कोण? ज्याचे घरदार त्या सेनेने उद्ध्वस्त केले तो!

लाओ-त्सेने याच ‘आकाशाखालच्या साऱ्या’बद्दल लिहिले होते की हत्येत आनंद मानणाऱ्याला ते लाभत नाही. चित्रपटात नेमके त्याच नावाने हत्या करणाऱ्याला अभय मिळते. काही समीक्षकांनी त्यात निरंकुश सत्तेचे समर्थन पाहिले. दिग्दर्शकाने राजकीय हेतू नाकारला. हेतू काहीही असो, पडद्यावर जे आहे ते आहे. लोकसंहार थांबावा म्हणून एकाने सूड सोडावा, हा विचार हलका नाही, आणि चित्रपट पाहताना माझाही गळा दाटून आला होता. घरी परतताना मात्र मन विचारत राहिले की राजाने काय सोडले?

इतिहासातल्या त्या राजाने इसवी सनपूर्व २२१ मध्ये एकछत्री साम्राज्य स्थापले. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत त्याचे घराणे कोसळले. चित्रपट तिथवर जात नाही. शेवटी राजवाड्याच्या दारावर हजारो बाण रुतलेले दिसतात आणि मध्ये एका मनुष्याच्या आकाराची जागा तेवढी मोकळी असते. त्या योद्ध्याला वीराच्या इतमामाने निरोप दिला जातो. ज्या सहा राज्यांत अजून सैन्य घुसायचे आहे, तिथल्या माणसांसाठी तसा विधी होत नाही.