घोळणा फुटला तर...

(उन्हाळ्याच्या तोंडावर भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नव्हे. लेखणीवर चरितार्थ चालवणारा पत्रकार आहे. तरीही घोळणा फुटण्याविषयी बोलायला उभा आहे, कारण हा विषय पहिल्या पंधरा मिनिटांचा आहे, आणि ती पंधरा मिनिटे घरातल्यांच्याच हाती असतात.

मुलाच्या नाकातून रक्त येताच घरात काय घडते? एक जण त्याला आडवे करतो, दुसरा मान मागे टाकायला सांगतो, तिसरा कांदा फोडून हुंगायला देतो, चौथा डोक्यावर गार पाणी ओततो. हेतू मायेचाच, पण यातल्या कशानेही फुटलेल्या रक्तवाहिनीवर दाब पडत नाही. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते, पोटात जाऊन उलटी होते, क्वचित श्वासनलिकेतही जाते. रक्त दिसेनासे होणे म्हणजे रक्त थांबणे नव्हे.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या, खालच्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. १८७९ मध्ये अमेरिकी शल्यविशारद जेम्स लिटल यांनी या जागेचे वर्णन केले. आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. घोळणा फुटण्याचे सुमारे ९० टक्के प्रसंग तेथलेच. विदर्भातल्या मे महिन्याची कोरडी झळ, सर्दी, नाकात बोट घालण्याची सवय, एवढे निमित्त पुरते. जागा बोटांच्या टप्प्यात आहे, म्हणून इलाजही बोटांतच आहे.

आता प्रत्येकाने आपले नाक चाचपून पाहावे. वर हाड लागते, त्याखाली मऊ भाग. रुग्णाला ताठ बसवून किंचित पुढे वाकवावे आणि हा मऊ भाग अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट दाबून धरावा. हाड दाबून उपयोग नाही. श्वास तोंडाने घ्यावा, तोंडात आलेले रक्त थुंकावे. घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे चिमूट सोडू नये. ‘थांबले का?’ म्हणून दर मिनिटाला पाहण्याचा मोह म्हणजे जमू लागलेली गुठळी पुन्हा मोडणे. न थांबल्यास आणखी एकदा तितकाच वेळ दाबावे. थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नये, खपली काढू नये, जड ओझे उचलू नये.

आयुर्वेदाने नाकातून होणाऱ्या रक्तस्रावाचा विचार ‘रक्तपित्ता’त केला आहे. वारंवार होणाऱ्या त्रासावर वैद्यांचा सल्ला जरूर घ्यावा. मात्र रक्त वाहत असताना पहिला उपचार दाबाचाच.

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी अधिक घ्यावी. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर रक्त लवकर थांबत नाही. भीतीपोटी ती औषधे परस्पर बंद करणे मात्र त्याहून घातक. हृदयाचे रक्षण तीच करीत असतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, डोक्याला वा नाकाला मार लागला असेल, घशात सतत रक्त उतरत असेल, रुग्ण पांढराफटक पडला वा त्याला भोवळ आली, किंवा मूल दोन वर्षांहून लहान असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. वाट पाहू नये.

घाबरलेले मूल रक्ताकडे पाहत नसते, ते आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. आपला हात स्थिर असला, की अर्धा धीर त्याला तेथेच मिळतो. आज घरी गेल्यावर ही चिमूट मुलांना, आजी-आजोबांना शिकवा. एवढेच मागणे मागतो आणि थांबतो.