रजोनिवृत्ती आणि सायकलची सीट



पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. मधला दांडा खाली घेतलेली ‘लेडीज सायकल’ घरोघरी असे आणि शाळा, महाविद्यालय, शिकवणी, मंडई असा सारा संचार तिच्यावरून चाले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तशा सायकलीवर वाढलेल्या मुली आज पन्नाशीच्या आसपास आहेत. मुले मोठी झाली, पहाटेचा तासभर स्वतःसाठी मिळू लागला, म्हणून त्यांतील काहीजणी पुन्हा सायकलकडे वळतात. नवी सायकल येते, आठ-दहा दिवस उत्साहात जातात आणि मग ती गॅलरीत उभी राहते. विचारले तर उत्तर येते, ‘‘गुडघे साथ देत नाहीत.’’ पुष्कळदा दुखणे गुडघ्याचे नसतेच. ते जिथे असते, तिथले नाव घेण्याची आपल्या घरांत रीत नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत ती बहुधा पंचेचाळीस ते पन्नास या वयात येते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की योनी, तिचे बाह्यांग आणि मूत्रमार्ग यांचे आवरण पातळ व कोरडे होते. जी त्वचा पूर्वी तासभर दाब सोसत असे, ती पंधरा मिनिटांत चुरचुरू लागते. लघवीला जळजळ होते. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत कालांतराने ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचारावाचून सहसा ओसरत नाही, उलट वाढतो. या तक्रारींना मूत्रमार्गाच्या लक्षणांसह एकत्रित असे स्वतंत्र नाव वैद्यकांनी दिले, तेही २०१४ साली! मग गृहिणीने संकोच केला तर नवल काय?

आता सीटविषयी. दुकानात गेले की ‘‘ताईंसाठी मऊ सीट द्या’’ असे सांगितले जाते आणि गादीसारखी जाड सीट बसवून मिळते. ही समजूतच मुळात चुकीची आहे. आपण बसतो ते ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. अतिमऊ सीटमध्ये ती हाडे रुततात आणि मधला फुगलेला भाग नेमका नाजूक जागी दाबला जातो. सीट पुरेशी घट्ट हवी आणि मागे एवढी रुंद हवी, की दोन्ही हाडे तिच्यावर टेकतील. स्त्रियांत या हाडांमधील अंतर सरासरीने अधिक असते, त्यामुळे पुरुषांसाठी बनविलेली अरुंद सीट बहुधा सोयीची ठरत नाही. मधोमध खाच किंवा पोकळी असलेल्या सीट मिळतात. त्या अनेकींना मानवतात, काहींना खाचेची कडाच टोचते. बसून पाहिल्यावाचून घेऊ नये.

सीट चांगली असूनही चुकीची बसविली तर उपयोग नाही. टोक वर उचललेले नसावे. सीट पाणसळीत सपाट ठेवावी, त्रास होत असेल तर टोक किंचित खाली. उंचीची परीक्षा सोपी आहे. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालविताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट यापेक्षा उंच असेल तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे हेलकावते आणि तेच घर्षण त्वचा सोलते. हँडल फार खाली असेल तर शरीर पुढे झुकते व भार हाडांवरून सरकून पुढच्या नाजूक भागावर येतो. म्हणून हँडल वर घ्यावे. या दुरुस्त्यांना सायकलवाल्याचा एक पाना आणि दहा मिनिटे पुरतात.

पॅड असलेली सायकलची आखूड विजार सलवारीच्या आत सहज घालता येते. तिच्याआत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते, कारण त्याची शिवणच काचते. घरी परतल्यावर ओले कपडे ताबडतोब बदलावेत. सुगंधी साबण त्या जागी वापरू नये. कोरडेपणा त्याने वाढतो. यानेही भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. हार्मोनरहित स्निग्ध जेल असतात, तसेच अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे स्थानिक क्रीम असते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगावे. मैत्रिणीचे क्रीम आणून लावण्याचा उद्योग करू नये.

सायकलीचा हृदयाला, स्नायूंना आणि मनाला लाभ होतो. परंतु हाडांच्या ठिसूळपणावर ती पुरेशी नाही, कारण शरीराचा भार सीट वाहते. त्यासाठी भरभर चालणे, जिने चढणे, आठवड्यातून दोन दिवस वजने उचलणे हवेच. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. त्यातला मोठा वाटा सायकल आनंदाने उचलू शकते. सुरुवात मात्र पंधरा-वीस मिनिटांनी, दिवसाआड करावी.

आणखी एक गोष्ट. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर अंतर्वस्त्रावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘सीट घासली असेल’ असे म्हणून तो धुऊन टाकू नये. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षणही असू शकते आणि त्या टप्प्यावर सापडलेला रोग बहुधा बरा होतो. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.