सत्तेची वाटणी आणि आपल्या सवलती



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात पहिला प्रश्न बहुधा हाच उठतो : कागदावर ‘बौद्ध’ लिहिले तर मुलाची शिष्यवृत्ती जाईल काय? प्रश्न पोटाचा आहे. त्यास हसण्याचे कारण नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी १९५६ नंतर चौतीस वर्षे त्याची झळ सोसली. मात्र त्याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर ‘सरकार’ नावाची एकच वस्तू या देशात नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी दुहेरी राज्यव्यवस्थेचा अर्थ विशद केला. मध्यवर्ती संघ व घटक राज्ये या दोहोंची सत्ता घटनेतूनच आलेली आहे; राज्यांना ती दिल्लीकडून दान म्हणून मिळालेली नाही. सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन याद्या आहेत. संरक्षण, रेल्वे, चलन हे विषय संघाकडे आहेत, तर जमीन, पोलीस व गावकारभार राज्याकडे. काही विषय दोघांकडे असून तेथे विरोध आल्यास सामान्यतः संसदेचा कायदा टिकतो.

महारवतनाचे उदाहरण घ्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. पुढे ही वतने गेली ती मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने, कारण जमीन हा राज्याचा विषय. याउलट, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली तेव्हा तिच्याबद्दलची शिक्षा ठरविण्याचा अधिकार कलम ३५ ने फक्त संसदेस दिला. गावात ज्यांचा वरचष्मा त्यांचाच बहुधा विधानसभेतही असतो. त्यांच्या हाती ही शिक्षा सोपविली नाही हे फार बरे झाले, असे मला वाटते. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याचे नाव १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, तो अशा रीतीने संसदेचा आहे. परंतु फिर्याद नोंदविणारा फौजदार राज्याचा! कायदा दिल्लीचा आणि अंमल तालुक्याच्या ठाण्याचा, या फटीतून पुष्कळ अन्याय आजही निसटतो.

आता सवलतींकडे येऊ. अनुसूचित जाती कोणत्या, हे कलम ३४१ अन्वये राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यवार ठरते; प्रसिद्ध झालेल्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार एकट्या संसदेचा. १९५० च्या आदेशात अट होती की, हिंदू धर्माहून निराळा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली ही अट शिखांपुरती दूर झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरास दीक्षा घेणारे आपले लाखो बांधव मात्र तिच्यामुळे यादीबाहेर पडले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवर विजयी झालेल्या डॉ. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने याच कारणास्तव रद्द केली. बौद्ध झाल्याचे त्यांनी जाहीर केले होते, आणि आदेशातील अट काढून टाकणे न्यायालयाच्या हाती नव्हते.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने नवबौद्धांस राज्याच्या शिक्षणात व नोकऱ्यांत सवलती दिल्या. मागासवर्गांसाठी तरतूद करण्याची मुभा कलम १५(४) व १६(४) राज्यांनाही देतात, म्हणून हे शक्य झाले. पण राज्याचा हात तेवढाच लांब होता. रेल्वे, टपाल, मध्यवर्ती नोकऱ्या, कायदेमंडळांतील राखीव जागा यांपर्यंत तो पोचत नव्हता. एकच तरुण जिल्हा कचेरीत सवलतीस पात्र ठरे आणि रेल्वेच्या कचेरीत ठरत नसे! १९९० साली संसदेने आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द घातला, तेव्हा ही विसंगती संपली.

मर्यादा पाळून कारभार करण्याची ही रीत आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. भिक्षुसंघाला सभेच्या कामकाजाचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले; आणि विनयाप्रमाणे संघाचे कर्म ठरविलेल्या सीमेच्या आतच विधिपूर्वक होते.

म्हणून धर्माच्या रकान्यात निःशंकपणे ‘बौद्ध’ लिहा. जातीच्या दाखल्यावर मात्र यादीतील मूळ जात यावी लागते, कारण बौद्ध ही जात नव्हे आणि यादी जातींची आहे. तो शब्द नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. तरी कायद्यास आज दुसरी खूण ठाऊक नाही. यादी राज्यवार असल्याने पोटासाठी परराज्यात गेलेल्या कुटुंबास तेथील राज्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात दाखला नाकारला गेला तर लेखी कारण मागून घ्या व वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा. पडताळणी समितीने दावा फेटाळला तर मंत्र्यांच्या दारी हेलपाटे घालू नका. तो निर्णय फिरविण्याचा अधिकार त्यांना नाही. त्याविरुद्ध कलम २२६ खाली उच्च न्यायालयातच जावे लागते.