जनुकांच्या अक्षरांवर किरणांचा घाला



किरणोत्सर्गाचे भय आपल्याला वाटते. परंतु तो शरीरात नेमके काय करतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपला आनुवंशिक वारसा डीएनएमध्ये ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला आहे. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन, हा तेथील नियम.

क्ष-किरण पेशीत शिरले की काही वेळा ते डीएनएवर थेट आघात करतात. पण पेशीत पाणीच अधिक असल्याने पुष्कळदा प्रथम पाण्याचा रेणू फुटतो. त्यातून हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील घटक निर्माण होतो आणि तो ग्वानिनचे ऑक्सिडीकरण करतो. असे विकृत ग्वानिन प्रत तयार होताना ॲडेनिनशी जोडी जमवू शकते. त्यापुढील प्रतीत ग्वानिनच्या जागी थायमिन येते. अक्षर कायमचे बदलते! सूर्याच्या अतिनील किरणांची रीत निराळी. ते शेजारच्या दोन थायमिनांना एकमेकांशी जखडून टाकतात.

मात्र पेशी स्वस्थ बसत नाही. तिची विकरे बिघडलेला भाग कापून काढतात आणि समोरचा धागा पाहून योग्य अक्षर बसवतात. ही दुरुस्ती उलगडणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. झीरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक विकारात अतिनील किरणांनी केलेली हानी नीट दुरुस्त होत नाही. त्या बालकांना साधे ऊनही त्वचेच्या कर्करोगाकडे नेते.

कर्करोगावरील किरणोपचारात डीएनएवरील आघातानेच रोगपेशी मारल्या जातात. म्हणून उपचारांची अनाठायी भीती नको, तसाच अनावश्यक तपासण्यांचा आग्रहही नको.