विमानाचे तास, घराचे तास

बोदवडहून मुंबई रेल्वेने सुमारे ४७० किलोमीटर. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे सव्वीसपटीहून जास्त. पण गाडीला मुंबई गाठायला सात-आठ तास लागतात आणि थेट विमानाला न्यूयॉर्क गाठायला पंधरा-सोळा. अंतर सव्वीसपट, वेळ मात्र दुप्पट!

१९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं ते लंडनमार्गे. मुंबईहून वाटेत न थांबता जाणारं विमान २००७ साली सुरू झालं. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान आणि अटलांटिकवरून दिसते. पण शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे चढतो आणि रशिया, आइसलंड, ग्रीनलंडच्या बाजूने जातो. जवळची वाट तीच.

येताना मात्र चौदा तासच लागतात. कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ताशी ९०० किलोमीटरने येणाऱ्या विमानाला ते मागून रेटतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात.

तिकिटावरचे आकडे आणखी फसवे, कारण प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघालेला माणूस सोळा तास उडून तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरतो!

ही गंमत नेहमीच गंमत राहत नाही. आमच्या शेजारच्या आजी पहाटे गेल्या. मुलगा न्यू जर्सीत. फोन झाला. कुणीतरी म्हणालं, "चौदा तासांचं तर विमान आहे, उद्या सकाळी येऊन जाईल." बर्फाच्या लाद्या आणल्या, सगे-सोयरे थांबले. दुसऱ्या दिवशी दुपार झाली, मुलाचा पत्ता नाही. शेवटी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा तिसऱ्या दिवशी पहाटे पोचला, तेव्हा माणसं राख सावडायला निघाली होती. त्याने कुठे उशीर केला नव्हता. हिशेब आमचा कच्चा होता.

तो हिशेब असा. घरातून विमानतळ आणि तिथे तीन तास आधी हजेरी, असे पाच तास. विमानाचे चौदा. मुंबईत पासपोर्ट तपासणी आणि सामान, दोन. स्टेशन गाठून गाडीची वाट पाहणं, चार. भुसावळपर्यंत सात. तिथून बोदवड, एक. झाले तेहतीस तास! आणि हे लगेचच्या विमानात जागा मिळाली तर. ती मिळेपर्यंतचे तास वेगळेच.

म्हणून ज्यांची मुलं परदेशी आहेत, त्यांनी विमान किती तासांचं हे विचारून थांबू नये. तिथल्या उंबऱ्यापासून इथल्या उंबऱ्यापर्यंत किती तास, हे एकदा कागदावर मांडून ठेवावं. आणि थांबायचं की नाही, हेही घरात आधीच बोलून घ्यावं. हे बोलणं जड जातं, पण त्या दिवशी ते शेजाऱ्यांच्या अंदाजावर सोडायची वेळ येत नाही.