परिचारिकेचे ध्येय : सेवेला विद्येची जोड



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे स्मरण करताना पुढच्या पिढीच्या हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न ओघानेच येतो. आजचा विषय त्याच प्रश्नाशी निगडित आहे. मुलगी बारावी झाली की "पुढे काय?" या प्रश्नाची उत्तरे घरोघरी जवळजवळ ठरलेली असतात : डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल किंवा शिक्षिका. एखादी मुलगी "मला परिचारिका व्हावयाचे आहे" असे म्हणाली, तर मात्र घरात क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेत काय दडलेले आहे आणि त्या मुलीच्या मनात काय आहे, या दोन्ही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

कोणतेही ध्येय एकाएकी मनात उतरत नाही. त्याला मातीचा, माणसांचा आणि संस्कारांचा आधार लागतो. धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला पहिली प्रेरणा तिच्या मातीतच मिळते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याच्या स्मरणातून कधीही पुसली जाणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती, गणपतीचे विसर्जन करून गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणीकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील शेकडो वर्षांची दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. जे वाचले, त्यांच्या मोडलेल्या हातापायांना, चिघळणाऱ्या जखमांना आणि खचलेल्या मनांना पुढे कित्येक महिने शुश्रूषेची गरज होती. ढिगारा उपसण्याचे काम काही दिवसांत आटोपते, जखमी माणसाला उभे करण्याचे काम मात्र दीर्घकाळ चालते, हा धडा या जिल्ह्याने त्या वेळी घेतला.

त्या आपत्तीतून काही चांगलेही उभे राहिले. लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय आले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना 'भारतवैद्य' असे सार्थ नाव दिले. शेतमजुरी करणारी बाई शिकली, तर आपल्या गावाचे आरोग्य राखू शकते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. मग रीतसर तीन-चार वर्षे शिकलेली मुलगी किती काम करू शकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरी प्रेरणा इतिहासाची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्या अत्यंत श्रीमंत घराण्यातील होत्या आणि परिचर्येचे काम घराण्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणून त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता, हे फारसे सांगितले जात नाही. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेसाठी त्या गेल्या. हाती दिवा घेतलेली त्यांची प्रतिमा जगभर पोहोचली; पण त्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या वहीत होते. किती सैनिक जखमांनी मरतात आणि किती घाणीतून पसरणाऱ्या रोगांनी मरतात, याची आकडेवारी त्यांनी मांडली आणि सरकारला सुधारणा करण्यास भाग पाडले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचर्या विद्यालय सुरू झाले. करुणेला विद्येची जोड मिळाली की तिचे शास्त्र होते, हे त्यांनी सिद्ध केले.

महाराष्ट्राला तर अशा स्त्रियांची उज्ज्वल परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक स्वतःच्या आप्तांना टाकून पळत असताना सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाच्या माध्यमातून स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळावे म्हणून प्रयत्न केले. त्या काळी परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे कुलीन स्त्रीला वर्ज्य मानले जाई. रमाबाईंनी या समजुतीशी वाद घालत न बसता मुली शिकवून तयार केल्या. समाजाचे मत त्यानंतर हळूहळू बदलले.

तिसरी प्रेरणा घरातील संस्कारांची, आणि येथे आपण स्वतःकडे वळून पाहिले पाहिजे. वैयावृत्त्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक तप आहे. उपवासासारखी बाह्य तपे सर्वांना दिसतात, त्यांची अनुमोदना होते, मिरवणूक निघते. वैयावृत्त्य मात्र अभ्यंतर तपांत गणले आहे. तत्त्वार्थसूत्रात ज्यांची वैयावृत्त्य करावी अशा दहांची गणना आहे, त्यांत 'ग्लान' म्हणजे रोगाने पीडित साधूचा स्वतंत्र उल्लेख आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील निर्विचिकित्सा हे अंग तर रोगी देहाची किळस न करण्याचेच आहे. या अंगासाठी उद्दायन राजाची कथा सांगतात. व्याधिग्रस्त मुनीच्या रूपात आलेल्या देवाने आहार घेतल्यावर राजाच्या अंगावर वमन केले, तरीही राजाने किळस न करता स्वतःच्या हातांनी त्यांचे शरीर स्वच्छ केले.

याच जिल्ह्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्रावर १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला. भगवती आराधना या प्राचीन ग्रंथात सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी अठ्ठेचाळीस निर्यापक मुनी असावेत असे सांगितले आहे. त्यांची कामेही वाटून दिली आहेत. क्षपकाला उठविणे-बसविणे, कूस बदलणे, आहार-पान पाहणे, मलमूत्राची विल्हेवाट लावणे, धर्मोपदेश करणे, अशी ती कामे आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मलमूत्र स्वच्छ करण्याचे काम कोणा सेवकावर टाकलेले नाही; ते मुनींकडे आहे आणि धर्मोपदेशाच्याच पंक्तीला बसविले आहे. जे कार्य मुनींसाठी तप आहे, ते आपल्या मुलीसाठी हलके कसे ठरेल?

मात्र नुसती सेवावृत्ती पुरत नाही, हेही तितकेच खरे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. सेवेत खंड पडला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची त्वचा दाबाने काही तासांतच काळवंडू लागते आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. ती होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, पोषण सांभाळणे, हे सारे रात्रंदिवस करावे लागते. यात माया आहेच, पण शास्त्र आणि शिस्तही आहे.

डॉक्टर रुग्णाला दिवसातून काही मिनिटे पाहतात. उरलेला वेळ रुग्ण परिचारिकेच्या नजरेखाली असतो. श्वासाची गती वाढली, लघवी कमी झाली, बोलणे असंबद्ध झाले, हे प्रथम तिच्या लक्षात येते. योग्य रुग्णाला, योग्य औषध, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने आणि योग्य वेळी देणे, या पाच गोष्टींतील एक चुकली तरी जिवावर बेतते. म्हणूनच परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीचे पहिले ध्येय उत्तम विद्यार्थिनी होण्याचे असावे.

या शिक्षणाच्या वाटाही पालकांनी जाणून घ्याव्यात. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग हे प्रमुख अभ्यासक्रम आहेत. जीएनएम झालेल्यांना पुढे पदवी घेता येते, पदवीनंतर एमएस्सी आणि पीएचडीही करता येते. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू कक्ष, डायलिसिस, कर्करोग, मनोरुग्णसेवा, प्रसूतिसेवा, सैन्यदलातील परिचर्या सेवा, अध्यापन, अशी अनेक क्षेत्रे तिच्यासाठी खुली आहेत. मुलांनाही ही वाट मोकळी आहे.

मोठ्या शहरात किंवा परदेशात जाऊन नाव कमावण्यात गैर काहीच नाही. तथापि, ज्या मुलीच्या मनात आपल्या जिल्ह्यात परतण्याचे ध्येय असेल, तिच्यासाठी येथे कामाचा तुटवडा नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश केला, त्यांत हा जिल्हा होता. २०२२ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण इमारतीला आणि यंत्रांना जिवंतपणा शिकलेल्या हातांनीच येतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या गर्भवतीची तपासणी आणि तिच्या बाळाचे लसीकरण चुकू नये, यासाठी नोंद ठेवणारे कोणी हवे. मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर मागे राहिलेल्या वृद्धांचा रक्तदाब आणि मधुमेह पाहणारे कोणी हवे. या वृद्धांत आपलेही आई-वडील आहेत.

आता पालकांच्या शंकांविषयी. रात्रपाळी, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम, वसतिगृहातील आहार, रक्तामांसाचा सहवास आणि शेवटी विवाह, या त्या शंका होत. त्या खोट्या नाहीत आणि त्यांची टिंगलही करू नये. परंतु त्यांतील बहुतेकींचे उत्तर समाजाच्या हाती आहे. मुलीला सात्त्विक भोजनाची सोय असलेले सुरक्षित निवासस्थान मिळाले, तर अर्धी काळजी मिटते. रात्रपाळीच्या मुलीला घरातून वेळेवर डबा मिळाला आणि सकाळी परतल्यावर निवांत झोप मिळाली, तर नियमही पाळता येतो. विवाहाच्या वेळी "मुलगी दवाखान्यात कामाला आहे" असे दबक्या आवाजात सांगण्याऐवजी तिची पदवी आणि तिचे काम परिचयपत्रिकेत अभिमानाने छापले जावे. हे करण्यास पैसाही लागत नाही.

आपला समाज औषधदानात कधी मागे राहिलेला नाही. दवाखान्यांना खाटा, पाण्याच्या टाक्या, रुग्णवाहिका यांसाठी मुक्तहस्ताने देणगी दिली जाते आणि संगमरवरी फलकावर दात्यांची नावे कोरली जातात. पण त्या खाटेवरच्या रुग्णाजवळ रात्री जागी असते, ती मुलगी कोणाची असते? ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाची तरी असते. दान आपले आणि सेवा दुसऱ्याची, अशी ही वाटणी वैयावृत्त्याच्या तत्त्वाशी कितपत सुसंगत आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एकच विनंती आहे. दरवर्षी परिचर्या शिकणाऱ्या निदान एका विद्यार्थिनीचे शुल्क, पुस्तके आणि निवास यांचा भार समाजाने उचलावा. ती कोणत्या जातीची वा धर्माची आहे, हे पाहू नये. आणि आपल्या घरातील एखादी मुलगी हे ध्येय बोलून दाखवील, त्या दिवशी घरात शांतता न पसरता आई-वडिलांनी तिच्यासोबत बसून प्रवेशाचा अर्ज भरावा.

जय जिनेंद्र!