फोन जागा होतांना

कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी उचलून तें सांगली जिल्ह्यांतील खानापूर, आटपाडी या कोरड्या तालुक्यांकडे नेण्यांत येतें, हें या भागांतील श्रोत्यांस ठाऊक आहेच. ही उचल टप्प्याटप्प्यांनीं होते. खालच्या टप्प्याचें पाणी वर पोंचण्यापूर्वींच वरचा पंप लावला, तर तो उपसणार काय? अशा कामांत घड्याळापेक्षां पाण्याकडे पाहून पुढची कळ दाबावी लागते. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनाच्या पोटांतही हाच प्रश्न असतो, आणि त्याविषयीं मी आज बोलणार आहें.

टास्कर, मॅक्रोड्रॉइड यांसारख्या अ‍ॅपांच्या साहाय्यानें फोनाकडून कांहीं कामें आपोआप करवून घेतां येतात. समजा, सांगलीच्या गांवभागांतील एका दुकानदारानें अशीं तीन कामें लावून ठेवलीं आहेत. फोन सुरू होतांच पहिल्या कामानें आवाज पूर्ण वाढवावयाचा. दुसऱ्यानें आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी किती, तें इंटरनेटवरून आणावयाचें. आणि आंकडा ठरविलेल्या मर्यादेपलीकडे असेल, तर तिसऱ्यानें तो मोठ्यानें वाचावयाचा. हा कांहीं हौसेचा खेळ नव्हे. १९२९ सालीं खुल्या झालेल्या त्या पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें होतें.

आतां हा फोन बंद पडून पुन्हां सुरू झाला असें धरूं. 'यंत्र चालू झालें' अशी दवंडी अँड्रॉइड पिटतें, आणि ज्यांनीं ज्यांनीं ती मागितली असेल त्या सर्वांस ती पोंचते. परंतु अमुक काम आधीं आणि तमुक मागाहून, असें वचन त्या दवंडींत नसतें. तिन्ही कामें आपापल्या परीनें तिच्याकडे कान लावून बसलीं असतील, तर इंटरनेट जुळण्यापूर्वींच दुसरें काम धांवतें, रिकाम्या हातानें परततें, तिसऱ्यास वाचावयास कांहींच मिळत नाहीं, आणि फोन गप्प राहतो. या गप्प राहण्यांतच खरी मेख आहे. दुकानदार त्याचा अर्थ नदी शांत आहे असा करतो, आणि माल खालच्या फळ्यांवरच राहतो.

यावर पुष्कळ लोक प्रत्येक कामापुढें '३० सेकंद थांब' अशी सूचना घालतात. सांगली शहरांत ती चालून जाईल. पाटणच्या खोऱ्यांत, जेथें डोंगराआड रेंज आली तर आली, तेथें ती चालावयाची नाहीं. मला ही घड्याळी युक्ति मुळींच पसंत नाहीं. दवंडी ऐकण्याचा अधिकार एकाच मुख्य कामास द्यावा, आणि इतरांस त्यानेंच एकामागून एक हांक मारावी. टास्करमध्यें असें करतांना पोटकामाचें प्राधान्य मुख्य कामापेक्षां वरचें ठेवावें, म्हणजे तें पुरें होईपर्यंत मुख्य काम थांबून राहतें. इंटरनेट जुळलें काय, हें मुख्य कामानें वारंवार विचारावें. पण अनंत काळ नव्हे. दहा मिनिटांत उत्तर आलें नाहीं, तर 'पातळी कळली नाहीं' एवढें तरी फोनानें मोठ्यानें बोललें पाहिजे.

एक अडचण मात्र क्रम लावून सुटणारी नाहीं. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून अशी व्यवस्था आली कीं, फोन पुन्हां सुरू झाल्यावर मालक तो एकदां उघडीपर्यंत बहुतेक अ‍ॅपांस आपला साठा वाचतां येत नाहीं, आणि वरील दवंडीही ऐकूं येत नाहीं. माहिती चोराच्या हातीं लागूं नये म्हणून हें कुलूप आहे, व तें योग्यच आहे. पण रात्रीं दोन वाजतां फोन स्वतःच बंद होऊन सुरू झाला, तर आपलीं तिन्ही कामें सकाळपर्यंत निजून राहतील! म्हणून पावसाळ्यांत आपोआप पुन्हां सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. बॅटरी वांचविण्याच्या निर्बंधांतून हें अ‍ॅप वगळावें. आणि कऱ्हाडकडे एखादा सोयरा असेल, तर त्यास वेळीं फोन करावयास सांगून ठेवावें. पाणी त्याच्या दारावरून आधीं जातें, आणि कुलूपबंद फोनाचीही घंटी वाजते.

हें सर्व मे महिन्यांतच तपासून घ्यावें. मर्यादेचा आंकडा तात्पुरता शून्य करावा, फोन मुद्दाम बंद करून सुरू करावा, उघडावा, आणि ऐकावें. मग वाय-फाय व मोबाइलचा डेटा बंद ठेवून पुन्हां तसेंच करावें. या दुसऱ्या खेपेस दहा मिनिटें उलटलीं तरी फोन मुका राहिला, तर मुख्य कामांतील ती शेवटची पायरी लिहावयाची राहून गेली आहे.